खालच्या खंदकात सोडलेलं पाणी

लढाईवरून आलेल्या माणसाला लोक लढाईबद्दलच विचारतात. तोफा कशा वाजतात, समोरचा दिसतो का. पाण्याबद्दल मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

पंजाबच्या सीमेवर, ऐन थंडीत आम्ही खंदकात होतो. तिथं लढाई थोडी आणि चिखल फार. उजाडायच्या आधी बंदूक घेऊन उभं राहायचं. मग मगभर चहा, आदल्या दिवशीच्या पुऱ्या आणि दिवसभर डोकं खाली. उजेडात बाहेर पडायचं नाही, असा हुकूम. लघवी डब्यात. ओले मोजे पिळून पोटाशी धरायचे, अंगाच्या उबेनं वाळले तर वाळले. उवा मात्र साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना सारख्या.

माझ्या खंदकाखाली, उतारावर पंधरा पावलांवर, पळसदेवचा एक गडी होता. मेंढपाळाच्या घरातला. मी कळसचा, बागायतदाराचा मुलगा. आपल्याकडचं बोलणारे आम्ही दोघंच.

"तुमी एका जाग्याला बसणारी माणसं," तो खालून म्हणायचा. "आमी मेंढरामागं फिरणारी. मला ह्या खड्ड्यात बसणं जमायचं न्हाय."

"मग जा की मेंढरामागं. बंदूक ठेव हितंच."

एकदा सलग दोन दिवस पाऊस लागला. माझ्या खंदकात घोट्याच्या वर पाणी आलं. शेतकऱ्याच्या पोराला उतार दिसला की हात स्वस्थ बसत नाहीत. शेतात एक वाफा भरला की कड फोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं, हे मी कळत्या वयापासून करत होतो. पहाटे फावडं घेऊन खंदकाची खालची कड फोडली आणि चर ओढला. तासाभरात माझे पाय कोरड्यात. पाणी कुठं चाललंय, ते मला दिसत होतं.

उजाडल्यावर तो ओरडला, "आरं, तुझं पाणी माझ्याकडं आलंय! गुडघाभर झालंय. बुजव ते!"

"पाण्याची पाळी तुझी आलीय," मी म्हणालो. "घे भिजवून."

तो हसला. मीही हसलो आणि चहा प्यालो. चर आतूनच बुजवता आला असता. दहा फावडी माती लागली असती. पण मग पाणी पुन्हा माझ्याच पायाशी साचलं असतं.

दुपारी तो बाहेर आला. खंदकाच्या कडेवर बसून त्यानं बूट काढले, मोजे पिळले. मी ओरडून त्याला आत जायला सांगितलं, असं पुढं जन्मभर सांगत आलो. ते खोटं आहे. मी बघत राहिलो. मनात म्हणालो, पाय वाळले की जाईल आत.

त्याआधीच गोळा पडला.

रजेवर आलो तेव्हा पळसदेवला गेलो. त्याच्या आईनं विचारलं, "कसा गेला?"

"लई सांगितलं," मी म्हणालो. "पण ऐकायचाच न्हाय तो."

आईनं मान हलवली. पोरगा हट्टी होताच. तेव्हापासून त्या घरात जो कुणी ऐकत नाही, त्याला त्याच्यावरून बोलणी बसतात.

दर पितृपक्षात त्याच्या नावाचं पान मला वाढतात. शेवटपर्यंत सोबत होतो, म्हणून. इतकी वर्षं मी ते जेवत आलो.

यंदा त्याचा धाकटा भाऊ शेजारी बसला होता. तोही आता सत्तरीचा. आपल्या मुलाकडं बोट दाखवून म्हणाला, "आबा, ह्यो चुलत्यावर गेलाय बघा. ट्रॅक्टर उताराला लावू नको म्हणलं तर ऐकतोय व्हय?"

मुलगा खाली बघत जेवत होता. मी ताटावर हात आडवा धरला आणि सगळं सांगितलं. चर, पाळीची थट्टा, माझं गप्प बसणं.



"पाणी तुमचं हाय, ह्ये त्याला ठावं व्हतं?" भावानं विचारलं.

"व्हय."

"आई मरताना म्हणत व्हती, ऐकणारा असता तर राहिला असता."

तो उठला, हात धुतला. परत आला तो कपाटातली वही आणि पेन घेऊन. ताट बाजूला सारून त्यानं वही माझ्यापुढं ठेवली.

"ल्ह्या," तो म्हणाला. "त्यो ऐकायचा न्हाय म्हणून आईनं ज्या ज्या घरात सांगितलंय, तितं वाचून दावायचं हाय मला."

म्हणून हे लिहिलं. ताटातलं अन्न तसंच राहिलं.