करंडी चेपली तरी पान वाचलं पाहिजे

ये गं भाचे, अशी जवळ सरक. कागदावर लिहितेय खरी, पण तू समोर बसलीयेस असं धरूनच बोलणार आहे, कारण परवाचं रागवायचं राहून गेलंय. बारशाच्या मांडवात चारचौघांत काय बोलायचं, म्हणून गप्प राहिले. तुमची गाडी आली आणि तू पुढच्या दारानं उतरलीस, लेकरू मांडीवर घेऊन. मी नुसतं बघितलं, तर हसत म्हणालीस, "मावशी, आईच्या मांडीपेक्षा सेफ जागा कुठली?"

शहाणी गं बाई माझी! आता ऐक. माझ्या नातीची लाल गाडी तू पाहिलीयेस, तिच्या बॉनेटला टेकून फोटोसुद्धा काढलेस. पण ती गाडी घरात कशी आली ते तुला ठाऊक नाही.

नात कामणला एका गोदामाच्या ऑफिसात लागली तेव्हाची गोष्ट. आपल्या गासहून कामण म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. आधी रिक्षा, मग बरोबरच्या मुलीच्या स्कूटीमागं बसून जायची. पोरीनं स्वतःच्या पगारावर गाडी घ्यायचं ठरवलं आणि पसंत केली ती बसकी, लांबट, लालभडक. स्पोर्ट की काय म्हणतात तसली. माझा लेक तडकला.

"घ्यायची तर उंच घे. ही पळणारी गाडी कशाला? कंटेनरच्या चाकाखाली सरकायला?"

"बाबा, टक्करीच्या चाचणीत हिला फाइव्ह स्टार आहेत."

"स्टार हॉटेलला असतात."

जेवताना, चहाला, दोन दिवस नुसती हीच धुसफूस. शेवटी लेक म्हणाला, "आईला दाखवू. आई हो म्हणाली तर गाडी. नाही म्हणाली तर गाडीही नाही आणि कामणची नोकरीही नाही. घराजवळ काहीतरी बघ."

मला न्यायाधीश का केलं, ते मला पक्कं कळलं होतं. त्याला वाटलं, म्हातारी वेगाला घाबरेल आणि आपलं काम परस्पर होईल. आणि नात माझ्याकडं टक लावून बघत होती. ती नोकरी तिची तिनं मिळवलेली. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा फुलांच्या टोपल्या बाजारात न्यायला मला सायकल हवी होती. मामंजी म्हणाले, पडशील. विषय संपला. त्यांचीही काळजीच होती गं, खोटं कशाला बोलू. पण काळजीनं आजवर कितीजणींना घरात बसवलंय, ते तूच बघ.

तर गेलो शोरूमला. मी काय केलं असेल? मडकं घेताना वाजवतो तशी दारावर बोटं वाजवली. मग बॉनेटवर. पत्रा दबला की बाई जरासा!

"पातळ आहे हो," मी म्हटलं.

लेकाचा चेहरा खुलला. शोरूमचा माणूस हसला, "आई, इथं येणारा प्रत्येक जण वाजवूनच बघतो."

नातीनं मला खुर्चीवर बसवलं आणि मोबाइलवर दाखवलं. हीच गाडी, आत माणसांसारखे पुतळे बसवलेले, आणि गाडी जोरात नेऊन आपटली. मी डोळेच मिटले. "आजी, बघ ना, परत लावते." बघितलं. गाडीचं नाक पार चुरगळून गेलं, पण दारं होती तिथंच होती आणि पुतळ्यांच्या भोवतीची जागा तशीच्या तशी. समोरून फुगे फुगले, बाजूनं फुगे फुगले.

"पुढचा भाग मुद्दाम दबणारा करतात," नात सांगायला लागली. "धक्का तो खातो आणि…"

"कळलं मला," मी म्हटलं. "पुढचं नको सांगूस."

आपला पानमळा होता तो तुला आठवत असेल. विड्याची पानं करंडीत भरताना आम्ही कडेनं केळीची पानं जाडजूड कोंबायचो. गाडीत हमालानं करंडी आपटली तर ती चेपायची, केळीचं पान फाटायचं, विड्याच्या पानाला ओरखडा नाही. लोखंडी डब्यात भरली असती तर डबा धड राहिला असता आणि आत सगळा लगदा. करंडी चेपली तरी चालेल, पान वाचलं पाहिजे. मी लेकाला एवढंच म्हटलं, "पातळ असू दे. भरलीय नीट."

मग निघालो चालवून बघायला. नात चालवायला, मी मानानं पुढं, लेक आणि शोरूमचा माणूस मागं. बसल्या बसल्या मी एक पाय वर घेतला आणि बटव्यातून माझी पट्टी काढली. ती लोखंडी जीभ असते बघ, पट्ट्याच्या खाचेत खुपसली की गाडीचं टुंग टुंग बंद होतं. लेकानंच आणून दिली होती, मला तो आवाज सहन होत नाही म्हणून. आपल्याकडं निम्म्या गाड्यांत ती असते.

नातीनं ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली. "आजी, त्या व्हिडिओतल्या पुतळ्यांनी काय लावलं होतं?"

"पट्टा."

"त्यांच्यात तर जीवही नाही. पाय खाली घे. पट्टा लागल्याशिवाय गाडी हलणार नाही."

लावला बाई. पदरावरून आला, निऱ्यांच्या वर बसला, तिनं ओढून खाली मांडीच्या सांध्यावर बसवला. मागं शोरूमच्या माणसानं आपला आपण लावला. लेक म्हणाला, "मागं कोण लावतं? आणि इथल्या इथं तर जायचंय."

चिंचोटीवरून कामणच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंनी गोदामं, मधून कंटेनर हत्तीसारखे. पोरगी काही उडवत नव्हती हो, उलट मलाच वाटलं जरा जोरात घे. आणि एका फाटकातून टेम्पो, प्लास्टिकच्या खुर्च्यांनी लादलेला, मागं न बघता उलटा रस्त्यावर आला. गाडीत काहीतरी ओरडलं, नातीनं ब्रेक दाबला, आणि गाडी जागच्या जागी उभी! माझ्या खांद्याला पट्ट्यानं असं धरलं, जसं विहिरीच्या काठावर कुणीतरी मागून धरावं. टेम्पो आणि आमच्यात माणूस जाईल एवढी जागा.

आणि माझ्या पाठीत धपकन काहीतरी आदळलं. तो माझा लेक. माझ्या सीटच्या उशीवर त्याचं तोंड आपटलं, वरचा ओठ फुटला. शेजारचा माणूस होता तिथंच होता.

उसाच्या गुऱ्हाळावरून बर्फ घेतला, रुमालात बांधून ओठाला लावला. एवढा मोठा माझा बाप्या, पण डोळ्यांत पाणी. दुखण्याचं नव्हतं ते. म्हणाला, "बघितलंस ना आई? असा रस्ता आहे. नको ही नोकरी. सांग तिला."

नात त्याच्या शर्टावरचं रक्त पुसत होती. आवाज चढवला नाही तिनं. "बाबा, हा रस्ता मी रोज करते. स्कूटीमागं बसून. तेव्हा टेम्पो आला असता तर?"

लेकानं बर्फ खाली घेतला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं गं. आपलं लेकरू रोज कशावर बसून जातं, ते त्याला माहीत होतं, पण त्यानं ते कधी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं.

"एवढी पळणारीच का पण?" त्यानं विचारलं, आता वेगळ्या आवाजात.

"मला आवडली म्हणून. लाल आहे म्हणून."

मी म्हटलं, "हे मात्र खरं बोललीस." आणि तिथंच, गुऱ्हाळाच्या बाकड्यावर, माझा निकाल दिला. गाडी चांगली आहे. चालवणारी त्याहून चांगली आहे. नोकरी राहील, गाडीही येईल. पण जो पट्टा लावणार नाही, मग तो मागं बसो की पुढं, तो चालत येईल.

"बर्फ वितळला आई," एवढंच लेक म्हणाला. निघताना मागच्या सीटवर बसला आणि खाचेत पट्टा खटकन लावला. मी वळून बघितलं नाही. मुद्दामच.

गाडी आली तेव्हा पूजा केली, चाकाखाली लिंबं ठेवली, झेंडूचा हार घातला. लेक पुढं चिकटवायला गणपती घेऊन आला. जागा नेमकी तीच, जिथून समोरचा फुगा उघडतो. नात म्हणाली, बाबा, फुगा उघडला तर तो उडून आजीच्या तोंडावर येईल, खणात ठेवा. तो म्हणे, देवाला काय खणात कोंडायचं? मी म्हटलं, घरी देव देव्हाऱ्यातच असतो ना, रात्री दार लोटतोसच ना? तर आमचा गणपती रुमालात, पुढच्या खणात, सुखात आहे. रोज तिच्याबरोबर कामणला जातो.

आता तुझं. त्या व्हिडिओत एक छोटा पुतळा होता, तुझ्या लेकराएवढा. तो कुणाच्या मांडीवर नव्हता. मागं, त्याच्या स्वतःच्या खुर्चीत, पट्ट्यात होता. माझ्या दांडग्या लेकाला ज्यानं एवढं उचलून फेकलं, त्या धक्क्यात तुझे हात लेकराला धरून ठेवतील? आणि पुढच्या सीटवर फुगा उघडला तर तो आधी कुणावर येईल, तूच सांग. मांडी मायेची असते गं, पण मांडीला पट्टा नसतो. मांडीवर घरी घे, पोटभर घे.

तुमची एव्हरशाईन सिटी काही सातासमुद्रापार नाही. या रविवारी ये. केळफुलाची भाजी करते, तुझ्या नवऱ्याला आवडते तशी. मी अंगणात उभी असेन, आणि गाडी थांबली की आधी मागचं दार उघडेन. लेकरू तिथं त्याच्या खुर्चीत बसलेलं दिसलं, की मगच माझ्या मांडीवर घेईन. लवकर या.