अकरा झेरॉक्स

दगड पाठीत बसला तेव्हा संध्याकाळचे पाचच वाजले होते. पण आयर्लंडमधला डिसेंबर. पाचला मिट्ट काळोख, आणि सँडीफोर्डच्या ट्राम थांब्यापासून आमच्या इमारतीकडे येणाऱ्या पायवाटेवरचे दिवे महिनाभर बंद. मागून हसणं ऐकू आलं, मग "परत जा तुमच्या देशात." मी धूम पळाले. माझी बारा वर्षांची लेक शाळेतून रोज त्याच वाटेने येते.

नवरा म्हणाला, "नसत्या भानगडीत पडू नकोस. आधी नागरिकत्वाचं काम होऊ दे." घाबरला तोही होता, पण तसं म्हणेल तर शपथ.

शनिवारी मी आमच्या खासदाराकडे गेलेच. मंत्री-बिंत्री नाही, संसदेत अगदी मागच्या बाकावर बसणारा माणूस. कम्युनिटी हॉलच्या एका खोलीत तो लोकांची गाऱ्हाणी ऐकतो. माझ्या आधीच्या आजी रिकाम्या हाताने आल्या, तुंबलेल्या गटाराबद्दल बोलल्या आणि गेल्या. मी मात्र निळी फाइल नेली होती. पासपोर्ट, परमिट, वीजबिल, नागरिकत्वाच्या अर्जाची पोच, अशा अकरा झेरॉक्स आणि प्रत्येकीवर सही. पुराव्याशिवाय आपल्याला कोण दारात उभं करतं?

दगडाचं, बंद दिव्यांचं सगळं सांगितलं. तो फाइलकडे बघतच राहिला. "हे मी संसदेत मांडू का?"

"मांडा, पण माझं नाव नको," म्हणाले आणि फाइल देऊन निघाले.

घरी आल्यावर लक्षात आलं. नाव नको म्हणाले, आणि नाव अकरा वेळा त्याच्या हातात देऊन आले! दोनदा फोन केला, दोन्ही वेळा मशीनच बोललं. चार दिवस जेवण गेलं नाही.

बुधवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये इयरफोन घालून संसदेचं प्रक्षेपण लावलं. सभागृह जवळपास रिकामं. तो उठला. हातात माझी निळी फाइल. वर पासपोर्टचाच कागद असेल तर?

त्याने ती उघडली नाही. दिव्यांचं सांगितलं, दगडाचं सांगितलं. मग म्हणाला, "या बाईंचं नाव मी घेणार नाही. दगड लागला हे सांगायला त्यांना अकरा कागद आणावेसे वाटले. आपल्यापैकी कुणी एक तरी आणला असता का?"

मंत्री "चौकशी करतो" म्हणाले आणि विषय संपला. मी इयरफोन काढले आणि डबा न उघडताच बाजूला सारला.

समोर बसलेल्या आयरिश सहकारिणीने विचारलं, "यू ग्रँड?"

म्हणजे, ठीक आहेस ना? याचं उत्तर इथे ठरलेलं असतं. पाच वर्षं मी ग्रँडच म्हणत आलेय.

"नाही," मी म्हणाले. "गेल्या आठवड्यात पाचला, घराच्या वाटेवर मला दगड मारला. आणि माझी मुलगी त्याच वाटेने येते."

तिने घड्याळाकडे पाहिलं. "पाचला ना? मी येते तुझ्याबरोबर."

एकही कागद न बघता.