रेवाचा सतराचा पाढा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची टर उडवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. लग्न होऊन ठाकुर्लीला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, तिन्हीसांजेला त्या चिंचेखाली थांबू नकोस. मी मुद्दाम तिथेच उभी राहून भेळ खाल्ली. रात्रभर पोट बिघडलं, तरी सकाळी “चटणी शिळी होती” म्हणून ताठ मानेने फिरले. असली अतिशहाणी बाई आता काय सांगतेय ते वाचा...

माझी नात रेवा नववीत आहे. गेली काही वर्षं तिला फिट्स येतात. एपिलेप्सी. गोळ्या चालू आहेत, तरी मधूनच येते. त्यामुळे पोहणं बंद, सायकल बंद, मैत्रिणीकडे राहायला जाणं बंद. पण रेवाला सगळ्यात लागली ती बाथरूमची कडी. माझ्या मुलाने स्क्रू काढून ती उतरवली. वर नियम – आत असेपर्यंत मोठ्याने बोलत राहायचं, म्हणजे पोरगी शुद्धीवर आहे हे बाहेर कळतं.

“मी काय देवळातली घंटा आहे, सारखी वाजत राहायला?” रेवा म्हणाली.

“घंटा परवडली. ती तासभर आंघोळ करत नाही,” मी म्हटलं.

रोज बोलणार तरी काय? म्हणून मी तिला आमच्या वेळचे मराठी पाढे शिकवले. पोर इंग्लिश मीडियमची. सतराच्या पाढ्यात ‘सतरा पाचा पंच्याऐंशी’ झालं की गाडी अडायचीच. मग आतून आवाज यायचा, “आजी, पास.”

त्या रविवारी सकाळी मी दाराबाहेर स्टुलावर बसून मेथी निवडत होते. सून मुग्धा शेजारी स्वयंपाकघरात. आतून रेवाचे पाढे चालले होते. सतराचा आला, पंच्याऐंशी आलं... आणि न अडता पुढे गेला.

“आई, पाठ झाला की हिचा,” मुग्धा स्वयंपाकघरातून म्हणाली.

“शिकवलाय कोणी?” मी म्हटलं. हो, तेव्हाही स्वतःची पाठ थोपटत होते मी.

पाढा संपला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तोच आवाज, तीच लय. मग लक्षात आलं – मध्ये ती श्वासच घेत नव्हती.

मी दार ढकललं. रेवा फरशीवर पालथी. मोरीच्या जाळीत केस अडकून पाणी तुंबलेलं आणि तोंड त्या पाण्यात. हातपाय झटके देत होते, दातखीळ बसलेली, ओठ निळे. आणि पाढा चालूच होता... नळाच्या वरच्या अंगाने, कुणी उभं राहून म्हणावं तसा. रेवाच्या आवाजात.

मी तिचं तोंड पाण्याबाहेर काढून तिला कुशीवर वळवलं. “सतरा नवे –” इथे आवाज थांबला.

पोर वाचली. डॉक्टर म्हणाले, अशा फिटमध्ये माणूस बोलू शकत नाही, तुम्ही आधीचं ऐकलं असेल. मग मुग्धाने काय ऐकलं? ती आता तो विषयच काढू देत नाही. रेवाला काही आठवत नाही. हॉस्पिटलमधून आल्यावर मी सहज सतराचा पाढा विचारून पाहिला. पंच्याऐंशीला थांबली आणि म्हणाली, “पास.”

तो आवाज मला आत बोलावत होता, की सगळं ठीक आहे असं भासवून बाहेर थोपवत होता? खूप डोकं चालवलं. नाही कळलं.

आता पाढे बंद. मी स्टूल आत घेऊन भिंतीकडे तोंड करून बसते. रेवा एक शब्द बोलत नाही, फक्त तांब्याचा आवाज येतो. मध्येच एकदा विचारते, “आजी, डोळे मिटलेत ना?”

मी हो म्हणते.

समोरच्या टाइल्स चकचकीत आहेत. त्यात ती दिसते, अंधुक. मी बघत राहते.