साडूंची रातांबी

माझ्या साडूंनी जगातली यच्चयावत बंदरं पाहिली आणि त्यांतलं एकही त्यांना पसंत पडलं नाही. कारण विचाराल तर भात. तीस वर्षं हा माणूस मालवाहू बोटींवर कुक होता. देशोदेशीच्या खलाशांना त्याने रांधून घातलं, आणि दर बंदरात उतरून पहिल्यांदा काय केलं असेल, तर तिथला भात चाखून नाक मुरडलं. एका देशाचा भात म्हणजे खडे, दुसऱ्याचा म्हणजे कपड्यांची खळ, आणि इटलीचं नाव काढलं की ते आजही खुर्चीत ताठ होतात. "अर्धा कच्चा ठेवतात, साडूभाऊ! आणि वर त्याची बढाई मारतात मेले!"

हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दादा म्हणतो. ते मला साडूभाऊ म्हणतात, आणि नाराज असले की 'ऑफिसवाले'. वर्षातले साधारण आठ महिने मी ऑफिसवालाच असतो. समुद्रावरून ते कायमचे परतले तेव्हा पावस गावाच्या पुढे, खाडीच्या अंगाला असलेल्या त्यांच्या गावात सगळ्यांनी सांगितलं, आता आंब्याची कलमं लावा आणि आरामात बसा. दादांनी कलमं लावली नाहीत आणि ते बसलेही नाहीत. खाडीलगत त्यांचे सात कुणगे होते, म्हणजे बांध घातलेले भाताचे लहान लहान तुकडे. त्यांत त्यांनी सात जातींची जुनी भातं लावली. गावातून हद्दपार झालेली, कुणाच्या तरी आजीच्या बोलण्यातच उरलेली भातं. बी मागायला ते कुठवर गेले नाहीत! एका बारशाला गेले आणि बाळ न बघता त्या घरच्या कणगीत डोकावून परत आले. ताईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारलं, "मुलगा की मुलगी?" तर म्हणाले, "संकरित."

बोट सुटली तरी बोटीवरच्या सवयी सुटल्या नाहीत. शेताची ते रोज नोंदवही लिहितात. मी ती चोरून वाचली आहे. 'कुणगा तीन. वारा नैर्ऋत्य. रोपांची तब्येत ठीक. बगळे दोन. एक गेला, एक ऐकत नाही.' दुसरी सवय गाठींची. दुसऱ्याने मारलेली गाठ त्यांना बघवत नाही. आमच्या गॅलरीतली कपड्यांची दोरी त्यांनी सोडून पुन्हा बांधली आहे, एसटीच्या टपावरचं परक्या माणसाचं गाठोडं त्यांनी हातखंब्याला गाडी थांबल्यावर वर चढून नीट बांधलं आहे, आणि माझ्या लग्नात उपरण्याला शेल्याची गाठ मारली गेली तेव्हा हे पुढे झुकून भटजींना म्हणाले होते, "गुरुजी, ही सुटेल." माझी बायको तो प्रसंग अजून सांगते, आणि सांगताना माझ्याकडे बघते.

पण खरा जीव रातांब्यासारख्या, म्हणजे कोकमाच्या फळासारख्या, लाल तांदळात. त्या भाताचं नावच रातांबी. खाऱ्या पाण्याला न डगमगणारं, आणि लोंबीला अशी काळी लांब कुसळं की रानडुक्करसुद्धा तोंड लावून पस्तावतं. दादांच्या आईच्या हातची पेज याच तांदळाची. दर बंदरात ते ज्या चवीशी ताडून बघत होते ती ही चव. खाडीपलीकडच्या एका म्हातारीकडे रातांबीचं बी निघालं. दुध्याच्या वाळक्या भोपळ्यात, राखेत ठेवलेलं, तीन पावसाळे न पेरलेलं. म्हातारी म्हणाली, "मेलं असंल रं. ने तुला हवं तर." मूठभर दाण्यांतली सात रोपं उगवली. त्या सात रोपांशेजारी दादा पावसाळाभर छत्री घेऊन स्टुलावर बसले. छत्री स्वतःवर धरली होती की रोपांवर, याबद्दल गावात दोन मतं आहेत.

पुढे दर वर्षी एक कुणगा रातांबी पिकायची. कधी जास्त, कधी खेकड्यांनी बांध फोडला की अगदी ओंजळभर. त्यातलं चांगलं बी भाताच्याच पेंढ्यात घट्ट आवळून त्याची मुडी बांधायची आणि चुलीवरच्या आडाला, म्हणजे छपराच्या आडव्या वाशाला, धुरात टांगायची. आडाच्या मुडीला हात लावायचा नसतो, ती पुढच्या पावसाची. हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. दापोलीहून शेतकी शिकणारी मुलं यायची, आदराने म्हणायची, "काका, थोडं बी आम्हाला द्या, थंड कपाटात वर्षानुवर्षं टिकेल." दादा आधी त्यांना जेवू घालायचे आणि मग नकार द्यायचे. "बी काय ठेवायची वस्तू आहे? बंदरात बांधून ठेवलेली बोट गंजते. बी दर वर्षी पाण्यात उतरलं पाहिजे." आणि गावात कुणी मागितलं तर? "तुम्ही हरवाल." विषय संपला. बियाच्या बाबतीत इतका चिक्कू माणूस कोकणातही दुसरा नसेल.

चिक्कूपणाला अपवाद एका दिवसाचा. दसऱ्याला आमच्याकडे 'नवं' बांधतात. नव्या भाताच्या दोनचार लोंब्या आंब्याच्या पानात गुंडाळून दाराला, देव्हाऱ्याला, घरातल्या कामाच्या वस्तूंना बांधायच्या. वर्षभर ते तिथेच वाळत राहतं. नव्यासाठी हात आखडायचा नाही, आणि द्यायचं ते सर्वांत चांगलं, म्हणजे रातांबीच. दसऱ्याच्या सकाळी दादा एसटीने पिशवीभर नवी घेऊन रत्नागिरीत आमच्या ब्लॉकवर येत, स्वतः स्टुलावर चढत, आणि दिसेल त्याला बांधत. दाराला, फ्रिजला, माझ्या स्कूटरला, एकदा शेजाऱ्यांच्या वॉशिंग मशीनला. माझी बायको मागून कुसळं झाडत फिरायची. "दादा, आता मलाच बांधा," ती म्हणाली, तर हे खरंच तिच्या हाताकडे बघू लागले.

गेल्या वर्षी होळीनंतर दादांच्या छातीत दुखलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, आणि डॉक्टर जवळ असावा म्हणून ताई त्यांना घेऊन आमच्याकडे राहायला आली. पण माणूस जेवेना. वरण नको, खिमट नको, मऊ भाताकडे तर त्यांनी इटलीत उतरल्यासारखं पाहिलं. आठ दिवसांत मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत वर जाऊ लागलं. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "औषधाचं काम झालंय. आता यांनी खाल्लं पाहिजे." त्या दिवशी मी चिडून विचारलं, "दादा, हवंय तरी काय तुम्हाला?" ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "रातांबीची पेज." मागणी नव्हती ती. न मिळणाऱ्या गोष्टीचं नाव घेऊन त्यांनी मला गप्प बसवलं होतं.

मी गप्प बसलो नाही. न सांगता गावी गेलो, कुलूप काढलं. कणगीत रातांबीचा दाणा नव्हता. खेकड्यांचं वर्ष होतं. आडाला सहा मोठ्या मुड्या, आणि मध्ये सोललेल्या नारळाएवढी एक लहान, तिच्या पेंढ्यातून डोकावणारी काळी कुसळं. मला ठाऊक होतं हात लावायचा नाही म्हणून. म्हटलं, दोन मुठी घेऊ, एका वेळच्या पेजेपुरत्या. पण दादांनी मारलेली गाठ मला काही सुटेना, आणि मुडी कापली तर ती पुन्हा बांधणार कोण? मी अख्खी मुडीच पिशवीत घातली. घरी आलो, ओट्यावर ठेवली, बायकोला म्हणालो, "दादांच्या पेजेला रातांबी," आणि ऑफिसला पळालो. 'आडाची' आणि 'दोन मुठी' हे शब्द माझ्या तोंडातून निघालेच नाहीत.

माझी बायको कुठलंही काम अर्धं करत नाही. पेज उकड्या तांदळाची, म्हणून तिने मुडी कापून सगळं भात भिजवलं, दुसऱ्या दिवशी मोठ्या पातेल्यात उकडलं, आणि संध्याकाळी मी गच्चीवर गेलो तेव्हा ते चादरीवर वाळत पडलं होतं. तुसं उकललेली, आतून लाल दिसणारी, एकूणएक दाण्याने मेलेली रातांबी. "महिनाभर पुरेल हो!" ती आनंदाने म्हणाली. तेवढ्यात ताई दवाखान्यातून औषधं घेऊन आली, गच्चीवर चढली, आणि चादरीवरचा एक दाणा उचलून तिने निरखला. "अगो, बी होतं ते," एवढंच म्हणाली.

आम्ही तिघांनी ठरवलं, सांगायचं नाही. खालच्या आळीत एका घरी उखळ होतं, तिथे कांडून आणलं. ताईने पेज केली, वर मिठाचा खडा घातला आणि वाटी दादांच्या हातात दिली. पहिला घोट घेतला मात्र, माणूस उशीवरून उठून बसला. डोळे मिटले. मग उघडले ते थेट माझ्यावर.

"मुडी सोडलीत?"

"हो."

"किती काढलंत?"

मला खोटं बोलता येतं. नोकरीत बरंच बोललो आहे. तिथे नाही आलं. "सगळं," मी म्हणालो. "चूक माझी. हिला काही माहीत नव्हतं."

दादांनी वाटी दोन्ही हातांनी धरली. ते ओरडतील, निदान ऑफिसवाले म्हणतील, म्हणून मी वाट बघत होतो. ते अगदी हळू म्हणाले, "मग एक शीत सांडू नका."

आणि त्यांनी वाटी संपवली, बोट फिरवून. त्यानंतर दोन्ही वेळा, न चुकता, न कुरकुरता. आपल्या हाताने टिकवलेलं बी तो माणूस घोटाघोटाने संपवत होता आणि त्याच्यावर अंग धरत होता. गालांवर रंग आला, घड्याळ मनगटावर थांबलं. डॉक्टर खूश झाले. आमच्या घरात मात्र जेवताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

नव्याचं मला अंघोळ करताना सुचलं. दादांनी शहरभर लोंब्या बांधून ठेवल्या होत्या की! मी तसाच ओल्या केसांनी बाहेर आलो. दाराचं नवं दिवाळीत रंगाऱ्याने काढून टाकलेलं. फ्रिजचं चिमण्यांनी गॅलरीतून आत येऊन फस्त केलेलं. स्कूटरचं महामार्गावर कुठेतरी उडून गेलेलं. शेजारीणबाईंनी त्यांचं, "अहो, पाण्याच्या नळीत जात होतं," म्हणून फेकलेलं. गावी फोन केले. तिथे दर घरात उंदीर. चार दिवस मी लोकांच्या चौकटी बघत हिंडलो. एका घरच्या माणसाने तर मला विचारलं, "ब्लॉक विकत घ्यायचाय का?"

पाचव्या दिवशी बायको आतल्या खोलीतून आली. तिच्या ओंजळीत कुस्करलेली आंब्याची पानं होती. "शिलाई मशीनला बांधलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "डोळ्यांमुळे मी शिवणच सोडलं ना. वर कव्हर तसंच." पानांत तीन लोंब्या होत्या, काळ्या कुसळांच्या. ती ओंजळ तिने माझ्याकडे दिली नाही. सरळ दादांपुढे जाऊन बसली.

धड दाणे एकोणतीस निघाले. दादांनी पोळ्यांच्या डब्याचं झाकण मागितलं, त्यात ओलं फडकं अंथरलं, दाणे मांडले, आणि वहीचं कोरं पान उघडलं. पहिला दिवस, 'हालचाल नाही.' दुसरा, 'नाही.' तिसरा, 'नाही. वास चांगला.' चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ते चष्मा कपाळावर ढकलून झाकणावर ओणवले होते. "साडूभाऊ," ते कुजबुजले, जणू मोठ्याने बोललं तर ते परत आत जाईल, "जरा बघा हो. मला पांढरं दिसतंय. मला दिसतंय म्हणून दिसतंय का?"

मी बघितलं. पांढरंच होतं. टाचणीच्या टोकाएवढं. असे अकरा.

त्या पावसात ती अकरा रोपं मधल्या कुणग्यात उभी राहिली, आणि स्टुलावर छत्री घेऊन आळीपाळीने आम्ही सगळे बसलो. भात झोडलं तेव्हा दादांनी मुडी बांधली नाही. कागदाच्या पुड्या बांधल्या. एक स्वतःला ठेवली, गावात पाच घरी दिल्या, एक दापोलीच्या मुलांना त्यांच्या थंड कपाटासाठी, आणि एक मला, ज्याच्याकडे कुंडीत तुळससुद्धा धड जगत नाही. "तुम्ही हरवाल," असं कुणालाच म्हणाले नाहीत. मला म्हणाले, "एक कुंडी तर कुंडी. पण दर वर्षी." यंदा सात ठिकाणी रातांबी उगवली. त्यात आमची कुंडी आहे. पीक दोन वाट्या आलं. माझी बायको ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

यंदाच्या दसऱ्याला दादा आले. पिशवी नेहमीचीच, चाल थोडी सावकाश. दारापाशी स्टूल ठेवलं, एक पाय वर टाकला आणि थांबले. मग पाय खाली घेतला, नवं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुम्ही चढा."

मी चढलो. त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. मी चौकटीच्या खिळ्याला नवं बांधलं. सुतळी आखूड, गाठ पडली ती वाकडी, एक टोक लोंबतंय. उतरून मी बाजूला झालो, कारण आता ते चढणार, नाक मुरडणार, माझी गाठ सोडून आपली मारणार, हे ठरलेलं होतं. दादांनी मान वर करून ती गाठ पाहिली.

"असू दे," ते म्हणाले. "धरेल."

आणि पिशवी उचलून ते आत गेले, शिलाई मशीनपाशी.