सरळ मानेचा मोर

ब्राह्मणपुरीच्या भिला मिस्तरीने जन्मात एकच नावाजण्यासारखी चूक केली, आणि लोकांनी ती त्याला आयुष्यभर पुन्हा पुन्हा करायला लावली.

हेमराज पाटलाच्या लग्नाचा सागवानी पलंग होता. उशाच्या फळीवर मोर कोरता कोरता नेमकी चोचीच्या जागी गाठ निघाली, फळी तडकली. दुसरी मागायची तर पाटलाच्या घरून शिव्या. भिलाने मान उलटी फिरवली आणि मोराला मागे बघायला लावलं. हेमराजची आई निर्मलाबाई हरखलीच. "देखा व! नवरी येस का नही, मांगे वळीसन देखी ऱ्हायना!"

भिलाने तडकलेल्या फळीचं नाव काढलं नाही. तिथेच त्याचं नाव झालं आणि तिथेच तो अडकला.

मग लेकीला आंदण द्यायचं, मांडवात चारचौघांपुढे मांडायचं, तर पलंगावर पाटलाच्या घरचा मोर हवाच. पुढे तो सोफ्याच्या पाठीवर बसला, कपाटाच्या दारावर चढला. "मान सरळ करू का?" असं भिलाने विचारलं, की गिऱ्हाईक असं बघायचं जणू त्याने मोर कापायची परवानगी मागितली. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या जगदीशने शहाद्यात कोरीवकामाचं मशीन टाकलं आणि मोराचा फोटो त्यात भरला. भिलाची पटाशी जिथे घसरली होती तो ओरखडासुद्धा मशीन इमानाने उतरवायचं. नाव पडलं 'पाटील डिझाइन'.

नात चेतनाचं लग्न ठरलं तेव्हा भिलाचे हात थरथरू लागले होते. मरायच्या आधी एक तरी मोर समोर बघणारा करायचा, आणि तो नातीच्या पलंगावर, एवढीच त्याची हाव. बिनगाठीची फळी निवडून, थरथर सांभाळत त्याने तो केला. छाती पुढे, मान ताठ. खरंच देखणा झाला.

मांडवात पलंग मांडला आणि बायकांनी तोंडाला पदर लावले.

"हाऊ मोर शे का कोंबडा?"

"डोकरानी नजर गई. जगदीशनी नक्कल कराले गया, तीबी जमनी नही!"

भिलाला राहवलं नाही. "अरे, पहिला मोरच मन्हा चुकेल व्हता! फळी तडकनी व्हती!"

मांडव खो खो हसला. पुढच्या खुर्चीवरचा हेमराज पाटील डोळे पुसत म्हणाला, "भिला, मंग त्याच चूकवर तुन्हं पोट भरनं ना इतला वरीस?"

चेतनाची सासू दीपमालाबाई तेवढी हसली नाही. "आमच्याकडे पाहुणे नावं ठेवतील," एवढंच म्हणाली. चेतनाने आजोबांचा हात धरला. "आप्पा, जगदीशकाकाले फोन करू का?" पोरगी मायेनेच विचारत होती. भिलाला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

दुपारी टेम्पोतून मागे बघणाऱ्या मोराची फळी आली. भिलाने स्वतः आपली उतरवली, जगदीशची धरून उभा राहिला. स्क्रू बसल्यावर फोटोवाला ओरडला, "बाबा, बाजूले व्हा, मोर झाकाई ऱ्हायना!"

तो बाजूला झाला. उतरवलेली फळी हातात तशीच. तेवढ्यात आचारी आला. वरणाचं पातेलं टेकवायला त्याला काहीतरी भक्कम हवं होतं.

"हाई लई जाऊ का, मिस्तरी?"

भिलाने फळी पुढे केली. "मोर खाले कर," तो म्हणाला, "मंग पातेलं हालस नही."