गौतमीचा कापरा हात

कासारसाईच्या गौतमीनं नर्सिंगला नाव घातलं, तेव्हा अख्खी भावकी म्हणाली, ही ज्याच्या उशाशी बसंल त्याचं निम्मं दुखणं तिथंच जाईल. खोटं नव्हतं ते. पण वॉर्डात तिचा हात धरूनच एक म्हातारा गेला, आणि तेव्हापासून जखम उघडायची वेळ आली की तिची बोटं थरथरायची. आज मारुंजीला घरभेट होती. आजही हात कापला तर शिकणं सोडायचं, असं मनाशी ठरवूनच ती निघालेली.

नलिनी मॅडम रोज सकाळी वर्गाला डोळे मिटून बसवायच्या. "आधी स्वतःचा श्वास बघा, मग दुसऱ्याचं दुखणं." बाकीच्या पोरी पेंगायच्या. गौतमीची बैठक मात्र पक्की. लहानपणापासून वडलांशेजारी बुद्धवंदनेला बसलेली पोर ती.

मारुंजीच्या म्हाताऱ्या साळूबाईच्या पायाला साखरेच्या आजारानं चिघळलेली जखम. गौतमीनं खाटेपाशी सामान मांडलं, हातमोजे चढवले, जखमेवरची जुनी पट्टी भिजवली आणि बोटं थरथरलीच. मग तिनं वर्गात करायची तेच केलं. खाली मांडी घातली, डोळे मिटले, श्वासावर मन लावलं.

आणि एकदम साळूबाईनं हंबरडा फोडला.

"आरं भिवाजी, पळ! मी चालले रं! नर्सबाई डोळं मिटून बसलीया!"

तिचा लेक गालाला साबण तसाच घेऊन धावत आला. "आये, चांगली जित्ती हायेस की!"

"मंग ही कुणाचं शेवटचं उरकतीया?"

गौतमीला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग हसूच फुटलं. "तुमचं न्हाई वो आजी. माजाच हात कापतुया, त्याला गप करत हुते."

"मंग तसं बोलायचं की भवाने! भ्यानंच गेले आसते मी."

आता कुठं गौतमीनं तिच्याकडं नीट पाहिलं. म्हातारीनं चादर मुठीत आवळलेली, श्वास कोंडून धरलेला. इतके दिवस आपण फक्त आपलाच श्वास बघत बसलो, हे तिला तिथं उमगलं.

"आजी, दम सोडा. हळू. मीबी सोडते."

दोघींनी संगटच श्वास सोडला, आणि त्या सुटत्या श्वासात गौतमीनं भिजवलेली पट्टी अलगद उचलली. हात कापत होता. कापू दे म्हणाली ती. जखमेच्या कडा पाहिल्या, धुतलं, पुसलं, कुठं घाई नाही.

बरोबर आलेल्या नलिनी मॅडम बाहेर थांबल्या होत्या. "कसं झालं गं?"

"हात कापला, मॅडम."

"मग?"

"शुक्रवारी परत यायचंय. आजी म्हणाल्यात, तूच ये, पर डोळं उघडं ठेवून ये."