कुवेतच्या वाळूत चुन्याची रेघ

कुवेतला जाण्याचा बेत मी दोनदा रद्द केला होता. एकदा बायको आजारी पडली म्हणून, आणि दुसऱ्यांदा, खरं सांगायचं तर, धीर झाला नाही म्हणून. यंदा अब्दुल्ला पारकरने गावी आलेल्या एकाकडून निरोप धाडला, "मेल्या, मी मेल्यावर येणारेस काय?" अब्दुल्ला आणि मी रत्नागिरीच्या शाळेत एका बाकावर होतो. आता तो कुवेतच्या शुवैख बंदरात मालाची नोंद ठेवणारा कारकून आहे. दिवाळीच्या सुट्टीला साठलेली रजा जोडली आणि मुंबईहून बोटीत बसलो.

कुणी जाणार असेल तर सांगून ठेवतो. देवी आणि कॉलऱ्याच्या लशीचे दाखले वरच्या खिशात ठेवावेत, ते सारखे मागतात. डेकचं तिकीट स्वस्त पडतं, पण जाड सतरंजी आणि लिंबाचं लोणचं याशिवाय ते घेऊ नये. कराची सुटल्यावर समुद्र खवळला तेव्हा पोटात टिकलं ते फक्त लोणचं. मस्कतचे काळे डोंगर पहाटे दिसतात, तेवढ्यासाठी उठावं. पुढे आखात शांत आहे, इतकं की त्याचीच भीती वाटते.

माझ्या ट्रंकेत एक रशियन कथांचं पुस्तक होतं. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, आणि मुंबईत असताना संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकलो होतो. बोटीवर वाचायला म्हणून घेतलेलं ते पुस्तक कुवेतच्या जकातवाल्याने उलटंपालटं करून पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि परत ठेवलं. बाहेर आल्यावर मी हे अब्दुल्लाला हसत सांगितलं. तो हसला नाही.

"ते पुस्तक ट्रंकेच्या तळाशी घाल. इथे राजकारणाचा नुसता वास आला ना, तर कोण विचारीत बसत नाही. सरळ परतीच्या बोटीत बसवतात. तुला नाय, मला."

अब्दुल्लाची खोली कुवेत शहराबाहेरच्या फरवानिया वस्तीत. दापोली, राजापूर, म्हसळा अशा गावांचे पाचसहा जण तीत राहतात. गोडं पाणी टँकरने येतं, म्हणून आंघोळ जपून करायची. इराण्याच्या भट्टीवरची गरम खुबूस रोटी आणि वाटणातला सरंगा, म्हणजे पापलेट (तिथे त्याला झुबेदी म्हणतात), असं जेवण मी घरीही क्वचित जेवलो असेन. हिवाळ्याच्या तोंडाला यावं. दुपार सुखाची असते, पण संध्याकाळी वाळवंटातून गार वारा सुटतो, तेव्हा घोंगडी हवीच.

दोन दिवस बाजार, जुन्या कोटाच्या वेशी आणि लाकडी गलबतं पाहण्यात गेले. मग अब्दुल्ला म्हणाला, "रशियन बोट लागलीय. तिच्यावरची माणसं फुटबॉल खेळतात. शुक्रवारी आपल्या कोकणी पोरांशी मॅच ठेवलीय. दुभाष्या तू."

"परवा तर पुस्तक तळाशी घाल म्हणालास."

"पुस्तक वेगळा, फुटबॉल वेगळा. आमच्या मुदीरनेच, बंदराच्या साहेबानेच, परवानगी दिलीन. त्याला फुटबॉलचा नाद."

नाही म्हणायला हवं होतं की नाही, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. पुढचं लिहिताना काही गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत. कोणत्या, ते सांगणार नाही.

शुक्रवारी सकाळी गोदामांमागच्या मोकळ्या वाळूत खलाशी आले. तिघातिघांच्या टोळ्यांनी आले, आणि प्रत्येक टोळीत एकजण बाकीच्या दोघांवर लक्ष ठेवून. बंदरावर उतरायची त्यांची हीच रीत आहे, असं नंतर कळलं. सगळ्यांच्या मागून तपकिरी टोपीतला एक जाडसर, हसतमुख गृहस्थ आला. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, माझ्या रशियनची तारीफ केली आणि मी ती कुठे शिकलो, कुणाकडे, कधी, हे सगळं चौकशी वाटू नये इतक्या गोडीने विचारून घेतलं. तो जहाजावरचा राजकीय अधिकारी होता. त्याच्या हातावर कुणीतरी खजूर ठेवले, ते त्याने लहान मुलासारखे खाल्ले. मी त्याला का घाबरलो, हे मला सांगता येत नाही, पण सगळे खलाशी त्याच्याकडे पाठ करणं टाळत होते, हे मी पाहिलं.

मैदान आखायचं राहिलं होतं. आमच्या पोरांनी चुन्याची पाटी आणली, तेव्हा खलाशांतला एक वयस्क माणूस पुढे आला आणि बघता बघता त्याने पाटी काढून घेतली. तो जहाजाच्या भट्टीवरचा कामगार. माझ्याच वयाचा असेल, पण चेहरा दहा वर्षांनी पुढे गेलेला. दोरीचं टोक धरायला त्याने मला खुणावलं. त्याच्या टोळीचा म्होरक्या गोलपोस्टचे बांबू रोवण्यात गुंतला होता, टोपीवाला खजुरांत. लांबच्या रेघेवर आम्ही दोघेच होतो.

"तुमची रशियन पुस्तकातली आहे," तो म्हणाला. मान खाली, नजर चुन्यावर. "हसू नका. माझ्याकडे बघू नका. दोरी बघा."

मी दोरी बघितली.

"आम्ही बर्फावर राखेने आखायचो. भट्टीतल्या राखेने. पांढऱ्यावर काळी रेघ. इथे उलटं आहे."

"कुठे?"

"उत्तरेला. छावणीत."

मग चुना टाकत टाकत, वाक्यांमध्ये पावलं सोडत, त्याने सांगितलं. तो मॉस्कोच्या एका मोठ्या संघात डावीकडून खेळायचा. लोक त्याच्या नावाने ओरडायचे. परदेशी संघाबरोबर सामना झाला, त्यानंतर जेवणाच्या टेबलावर तो म्हणाला की त्यांचे बूट आपल्यापेक्षा चांगले आहेत. टेबलावर सगळे मित्र होते. त्यातल्या एकाने हे कुठेतरी पोचवलं. देशाची निंदा, असा आरोप ठरला. छावणीच्या मुख्याला फुटबॉलची हौस होती, म्हणून याला लाकडं तोडण्याऐवजी त्याच्या संघात खेळवलं आणि सूप घट्ट मिळालं. त्या सुपामुळे जगलो, म्हणाला. परत आला तेव्हा पायांतली ताकद गेली होती. जुन्या संघाच्या भिंतीवरच्या फोटोत तो उभा होता तिथे आता पडदा रंगवलेला होता.

"आता कागदावर मी निर्दोष आहे. कप्तान लहान असताना मला खेळताना पाहायचा, त्याने जहाजावर घेतलं. अट एवढीच की मी कोणी नाही. परक्यांपुढे तर मुळीच कोणी नाही." कोपरा आला. त्याने काटकोन दोनदा तपासला. मग ओठ न हलवल्यासारखं करून त्याने मला आपलं पूर्ण नाव सांगितलं, आणि लगेच म्हणाला, "कुणाला सांगू नका."

मग सांगितलंच का? मी तेव्हा विचारलं नाही. टोपीवाला आमच्याकडे हात हलवत येत होता.

मॅच साधीच चालली होती. उत्तरार्धात एका खलाशाचा पाय मुरगळला आणि त्याच्या जागी हा भट्टीवाला आला. तो धावलाच नाही म्हणा ना. पण चेंडू त्याच्या डाव्या पायाशी आला की पाळलेल्या मांजरासारखा बसायचा. मग तो चेंडूकडे न बघता मान वर करायचा, आणि पुढच्या क्षणी चेंडू आमच्या बचावाच्या पाठीमागे. कोकणी पोरं आपल्याच पराभवावर खूश होऊन ओरडू लागली.

"हा भट्टीवाला?" अब्दुल्ला माझ्या कानाशी आला. "डोळ्यांत धूळ नको फेकू. हा मोठा कोणतरी आहे."

"मला काय माहीत?" मी म्हणालो. टोपीवाल्याने टाळ्या थांबवल्या होत्या. तो आता खेळाकडे नाही, प्रेक्षकांकडे बघत होता.

आणि मग तो प्रकार झाला, जो आपल्याच लोकांच्या हातून होऊ शकतो. आमच्या किनाऱ्यावर गावोगावच्या सामन्यांत जो सर्वांत चांगला खेळेल त्याचा सत्कार होतो, मग तो पाहुण्या संघातला का असेना. नुसता हार घालून भागत नाही. त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि आधी कुठल्या संघातून खेळला, हे सगळं मोठ्याने पुकारायचं, लोकांनी पुन्हा पुकारायचं, आणि मग हार. नावाशिवाय हार घालणं म्हणजे अपमान. मुंबईहून आणलेला चमकीचा हार आणि शाल घेऊन अब्दुल्ला पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून उभा राहिला. पाहुण्यांवरच्या शुद्ध प्रेमाने तो त्या माणसाला खड्ड्यात ढकलायला निघाला होता.

"विचार त्याला," तो मला म्हणाला. "नाव, बापाचं नाव, गाव. आणि आधी कुठे खेळलास ते नक्की विचार."

भट्टीवाला माझ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ते काहीच नसणं त्याने किती वर्षं शिकलं असेल.

"काय म्हणतात ते?" टोपीवाल्याने विचारलं. आवाज तसाच गोड.

खरं भाषांतर केलं तर त्याला सगळ्यांपुढे उत्तर द्यावं लागेल. खोटं सांगितलं आणि टोपीवाल्याला इंग्रजी किंवा हिंदी थोडं कळत असेल तर? तर भट्टीवाला आणि मी दोघेही अडकणार, आणि माझ्यामागोमाग अब्दुल्ला. हे सगळं मी त्या क्षणी इतकं नीट मांडलं नव्हतं. मी नुसता घाबरलो होतो, आणि घाबरलेल्या माणसाला जे सुचतं ते सुचलं.

"ते म्हणतात," मी रशियनमध्ये सांगितलं, "की आमच्याकडे पाहुण्यांतल्या वयाने सर्वांत मोठ्या माणसाचा मान करतात. त्यांना आपलं नाव हवं आहे, आणि आपल्या गावाचं."

टोपीवाल्याचा चेहरा उजळला. त्याने आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, व्होल्गाकाठचं आपलं खेडं सांगितलं. मी अब्दुल्लाकडे वळून मराठीत म्हणालो, "त्यांच्यात मोठ्यालाच मान देतात. ह्याला घाल हार. अब्दुल्ला, तुझ्या आईची शपथ, काही विचारू नको."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग कर्णा वर केला. कोकणी पोरांनी त्या अधिकाऱ्याचं नाव अख्ख्या शुवैखला ऐकू जाईल असं पुकारलं. चमकीचा हार त्याच्या गळ्यात पडला, खांद्यावर शाल आली, आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले. भट्टीवाला सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता.

निघताना सगळ्यांशी हस्तांदोलन झालं. भट्टीवाला माझ्यासमोर आला तेव्हा म्हणाला, "बरोबर केलंत." एवढंच. मग जरा थांबून, "रेघ चांगली आली होती." आणि आपल्या तिघांच्या टोळीत मधल्या जागी जाऊन उभा राहिला.

परतताना बसमध्ये अब्दुल्ला म्हणाला, "तुझ्या तोंडावर भ्या दिसला म्हणून गप्प बसलो. पण पोरं विचारतायत, हार भलत्याला का घातलास."

बोटीवरचा सगळा परतीचा प्रवास मी तोच हिशेब मांडत होतो. भिंतीवरच्या फोटोतून त्याला पुसणाऱ्या चित्रकाराने ब्रश हातात घेताना असंच म्हटलं असेल का, की यातच सगळ्यांचं भलं आहे? मी त्याला वाचवलं की पुन्हा एकदा पुसलं? कदाचित दोन्ही. 'बरोबर केलंत' हे त्याने मला सांगितलं की त्याच्या टोळीच्या म्होरक्याला ऐकवलं, तेही मला कळत नाही.

घरी आल्यावर सुके खजूर आणि शाई न गळणारी पेनं वाटून झाली, आणि मग मी हे सगळं बायकोला सांगितलं. मागच्या पडवीत ती कोकमाची सोलं निवडत होती.

"आणि नाव काय त्याचं?"

"कशाला?"

"अहो, इथे रत्नागिरीत कोण ऐकायला बसलंय?"

मी फाटकाकडे पाहिलं. फाटकात कुणी नव्हतं. तरी मी पुढे वाकलो आणि तिच्या कानाशी, हळू, पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. तिने ते मोठ्याने म्हणून पाहिलं आणि चुकवलं.

"हळू!" मी तिच्या अंगावर ओरडलो.

ती माझ्याकडे बघत राहिली. सोलं तिच्या हातात तशीच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी असा कधी ओरडलो नव्हतो. कुवेतहून मी काय घेऊन आलो, ते तेव्हा आम्हां दोघांनाही कळलं.

मग मी तिच्याजवळ बसलो आणि ते नाव तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. उच्चार नीट येईपर्यंत. मोठ्याने.